अर्धा पेला

कर्ज मंजूर करायच्या आधी बाई त्या घरी जाऊन पाणी मागत. कोपरखैरण्यात त्यांनी बायकांची पतसंस्था काढली, तेव्हापासूनचा हा नियम. आमच्या भागातली ती पहिलीच. स्वतःच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत सुरू केली. संस्थेला गाळा मिळाल्यावर ती खोली वस्तीतल्या मुलींना अभ्यासाला देऊन टाकली आणि स्वतः मागच्या खोलीत राहिल्या. मासळी विकणारी, डबे करणारी, महाप्याला कंपनीत झाडू मारणारी, जिला कुठली बँक दारात उभी करत नसे, तिला बाई खुर्ची देत. मी त्यांची कारकून. फायली घेऊन मागून चालणारी, बी.कॉम. झालेली आणि त्याचा भलता तोरा असलेली.

घरी गेलं की पुरुषच बोलत. नवरा, नाहीतर सासरा, नाहीतर दीर. कर्ज जिच्या नावावर, ती आत. बाई हाक मारत, "पाणी आण बघू, पोरी." दोन पेले येत. मी मान खाली घालून कागद तपासत असायची. उठताना मात्र बाईंच्या पेल्याकडे लक्ष जाई. पेला रिकामा असला तर कर्ज मिळे. अर्धा राहिला असला, तर रिक्षात बसल्यावर बाई म्हणत, "नको. काहीतरी त्रुटी काढ." मी काढायची. लाइट बिल जुनं आहे, जामीनदाराची सही जुळत नाही. शिव्या मला खाव्या लागत. बाईंना पाण्याच्या घोटात माणूस कळतो, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. एकदा विचारलंच, तर म्हणाल्या, "तुलाही नाही सांगणार. शब्द दिलाय." कुणाला, ते विचारायची सोय नव्हती.

दोन वर्षांपूर्वी बाई झोपेतच गेल्या. मॅनेजरची खुर्ची माझ्याकडे आली, आणि घरोघर जाणंही.

पहिलं घर घणसोलीचं. भर दुपार, सोफ्यावर मी एकटी, समोर नवरा बोलतोय. पाणी मागितलं, मी कागदात. तोंड वर केलं तर टीपॉयवरचा पेला अर्धा. मी त्याला बोटही लावलं नव्हतं. शेजारची गादी जराशी दबल्यासारखी दिसली आणि मी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला सरकले. तहान लागलेली, पण ते पाणी प्यायचा धीर होईना. संस्थेत आले आणि गुपचूप त्रुटी काढली.

महिन्याभराने बोनकोड्यात तेच. या खेपेला नवरा बाहेर फोनवर होता. खोलीत माझ्याशिवाय कुणी नाही, आणि पेला अर्धा. बाई माझ्याआधी पिऊन गेल्या, यात मला शंका उरली नाही. मी बाजूच्या रिकाम्या खुर्चीला हळूच म्हणाले, "नाही देत, बाई." तेही कर्ज थांबवलं. घरी कुणाला सांगणार? सगळे हसले असते. पण त्यानंतर संस्थेतल्या त्यांच्या टेबलाकडे पाठ करून बसायची माझी हिंमत होत नसे.

कमिटीतल्या बायका चिडवायला लागल्या. "मॅडम, किती फायली अडवता? बाईंचं वारं आलंय का अंगात?" मला ते फार झोंबलं.

तिसरी डबेवाली होती. महाप्याच्या ऑफिसांत डबे पुरवायची; हाताला चव, आणि धंदा तिने एकटीने उभा केलेला. टेम्पोसाठी कर्ज हवं होतं. नवरा गोडबोल्या. आल्या आल्या माझ्या पाया पडला. घरात लवंगेचा वास भरून राहिलेला. बाईंच्या तोंडात कायम लवंग असायची. मी फायलीतून डोकं वर काढायलाच घाबरत होते. काढलं, तर पेला अर्धा. डबेवाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि माझ्याकडे नाही, त्या पेल्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, हिलाही बाई दिसतायत.

मग मला राग आला. भीतीचाच तो राग. मेल्यावर तरी मला माझं काम करू द्या की. मी पेला उचलला आणि एका दमात संपवला. डबेवालीने डोळे मिटून घेतले. त्याच आठवड्यात मी चेक काढला.

त्यानंतर एकाही घरात अर्धा पेला आला नाही. सगळीकडे काठोकाठ पाणी. मी म्हटलं, सुटले बाई एकदाची.

वर्ष गेलं. बोनकोड्याची म्हातारी मासळीवाली, आमची अगदी पहिल्या दिवसापासूनची सभासद, काउंटरवर पासबुक आपटून म्हणाली, "त्या डबेवालीनं अर्दा पेला दिलता ना तुला? मंग तू पैसं कशाला दिलंस?"

मला काही कळेना. तेव्हा तिने सांगितलं. घरचे बळजबरीने सही करायला लावत असले, पैसा धंद्याला लागणार नसला, की बाईमाणसाने पाणी अर्धंच न्यायचं. बाई त्याला शिवत नसत. नकार संस्थेचा, घरात मार खायची पाळी हिच्यावर नाही. बायकांनी बायकांना सांगायचं, पुरुषांना नाही, संस्थेतल्या माणसांनाही नाही. "तुला म्हाईत हाय, असंच वाटलं गो सगल्यांना. दोनदा तू बरोबर थांबवलंस ना."

म्हणजे बाई कधीच आल्या नव्हत्या. इतकी वर्षं मी पेला निघताना बघत होते, येताना एकदाही नाही. पाणी आणणारीकडे कोण बघतं? आणि आता काठोकाठ का येत होतं, तेही कळलं. नवीन मॅडमला सांगून उपयोग नाही, हे घरोघर पोचलं होतं. त्या वर्षात मी कितीतरी सह्या केल्या होत्या. भूत परवडलं असतं.

मी तशीच डबेवालीकडे गेले. नवरा पैसे घेऊन केव्हाच पसार झाला होता. डबे बंद पडले होते. ती दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटत होती आणि हप्ते तिच्याच नावावर चालू होते. मी रडले. म्हटलं, मला खरंच माहीत नव्हतं गं, ती खूण मला कुणी सांगितलीच नव्हती.

तिने पिठाचे हात पदराला पुसले.

"मला वाटलं, तुमी समजून-उमजून दिलंत, ताई," ती म्हणाली. "मग म्हटलं, आता आपलं कुणीच नाही."