खांबांच्या पलीकडे

माझी थोरली बहीण झेली एकतीस वर्षं शाळेची बस चालवत होती. बर्फात बस आडवी झाली तरी ती डगमगली नाही. निवृत्तीनंतर तिने कॅमेरा घेतला आणि ऑगस्टमध्ये कॅनडातल्या आमच्या फंडीच्या खाडीवर उतरणाऱ्या तुतारी या चिखलात चरणाऱ्या छोट्या पक्ष्यांच्या मागे लागली.

फोटो छान यायचे, पण किनाऱ्यावरून काढले की पक्ष्यामागे मासे धरायच्या जुन्या कुंपणाचे खांब यायचे. धूसर झाले तरी त्यांच्या काळ्या रेघा डोळ्यांत खुपायच्या. मी चिडवायचो, "पक्ष्याच्या डोक्यातून काठ्या उगवल्यात की गं!" कॉम्प्युटरवर तिने मागचा भाग मऊ करून पाहिला, तर पिसांच्या कडा खरवडल्यासारख्या दिसू लागल्या. पक्ष्यामागे लांबपर्यंत मोकळं हवं, म्हणजे खांबांच्या पलीकडे जायला हवं, हे तिच्या लक्षात आलं. तिथला चिखल माणूस गिळतो, हे मी तिला दहादा सांगितलं होतं; शिंपले खणणं हाच माझा धंदा.

त्या दुपारी ओहोटी संपत आली होती. मी अलीकडे खणत होतो. मान वर केली तर झेली खांबांच्या पार पुढे, कॅमेरा डोळ्याला लावून पोटावर पडलेली. हाक मारली, वाऱ्यात विरली. थोड्या वेळाने ती उठली, दोन पावलं टाकली आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतली. तिच्यामागे भरतीची राखाडी रेघ सरकत होती.

टोपली ओढायची फळी घेऊन मी धावलो, पुढे फळीवर आडवा पडून हातांनी सरकत गेलो. पोचलो तेव्हा पाणी तिच्या मांडीला लागलं होतं. तोंड पांढरंफटक.

"अलीर, पाय येतच नाहीये."

"ओढू नकोस. मागे रेल, घोटा हलवत राहा. पाणी आत शिरू दे."

"मला इथे सोडून जाऊ नकोस."

असं ती जन्मात कुणाला म्हणाली नव्हती. मी तिचा दंड धरून ठेवला. पाणी कमरेला आलं तेव्हा एक पाय सुटला, मग बूट आतच ठेवून दुसरा. तिला फळीवर पालथी घातली आणि ढकलत आणली. किनाऱ्याला लागलो तोवर खांब अर्धे बुडाले होते.

गळ्यातला कॅमेरा भिजून वाया गेला, त्यातलं कार्ड वाचलं. माझ्या बायकोने कॉम्प्युटरवर फोटो लावले. पक्षी स्वच्छ, मागे नुसता मऊ राखाडी रंग. एकामागून एक पाहताना कळलं, त्या राखाडीत एक उजळ पट्टा आहे आणि प्रत्येक फोटोत तो जाड होत जातोय. ते येणारं पाणी होतं. ती पक्ष्याकडे बघत राहिली होती.

झेलीने हळूच स्क्रीन बंद केला.

आता ती किनाऱ्यावरच्या बांधावरून फोटो काढते. खांब येतात, येऊ देते. मी शेजारी भरतीचं वेळापत्रक घेऊन बसतो. तरी पाण्याचा आवाज बदलला की ती माझी बाही घट्ट धरते.