विदोसावाचा अडखळणारा ट्रक

विदोसावाने एकतीस वर्षं सर्बियातल्या दान्यूबकाठच्या पोलाद कारखान्यात छताखालची क्रेन चालवली. वितळलेल्या पोलादाचं भांडं साच्यांवर नेताना तिच्या हातून कधी थेंब सांडला नाही, असं तिथले लोक सांगत. ते खरं नव्हतं. दोनदा सांडला होता. दोन्ही तारखा तिला पाठ होत्या, आणि कुणी कौतुक करायला लागलं की ती त्या सांगून मोकळी व्हायची.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी तिने संगणक जुळवला. तयार आणला नाही. एकेक भाग निवडून आणला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन दिवस बसून स्वतः जोडला. तारा अशा बांधल्या की पंख्याच्या वाटेत एकही आडवी येऊ नये. नवरा बुदिमीर दारात उभा राहून बघत होता. त्याचं सगळं आयुष्य बॉयलरपाशी गेलेलं.

"याचा धूर कुठून जातो?" त्याने विचारलं.

"धूर नाही, गरम हवा. पुढून थंड येते, मागून गरम जाते."

"मागून. मग ठीक आहे," म्हणत तो कॉफी ठेवायला गेला.

संगणक तिने ट्रकच्या खेळासाठी जुळवला होता. शेजारपाजारच्यांनी हसून घेतलं. पण त्या खेळात स्तामेना होती.

कारखान्यात स्तामेना एकोणीस वर्षं विदाच्या, म्हणजे विदोसावाच्या, क्रेनखाली उभी असायची. ती खालून हाताने खुणा करायची, विदा वरून भांडं हलवायची. भट्टीचा आवाज एवढा की एकीचा शब्द दुसरीला ऐकू यायचा नाही, आणि पाळी संपली की स्तामेनाला शेवटची बस गाठायची असे. एकोणीस वर्षांची मैत्री, पण बरीचशी हातवाऱ्यांची. पुढे स्तामेना मुलीकडे ऑस्ट्रियात, लिंत्सला गेली. तिथली भाषा तिला येत नाही. मुलगी दिवसभर कामावर. मग दर शनिवारी दहा ते एक दोघी आपापल्या घरी स्टीअरिंग धरून बसायच्या, कानाला हेडफोन लावायच्या आणि पडद्यावरच्या रस्त्यांवरून मालाचे ट्रक हाकायच्या. पुढे स्तामेना, मागे विदा. एकोणीस वर्षांत बोलायचं राहून गेलेलं सगळं त्या चार वर्षांत बोलून झालं, तरी गप्पा संपत नव्हत्या.

ऑक्टोबरच्या मध्यावर विदाचा ट्रक अडखळायला लागला.

पहिला पाऊण तास ठीक जायचा. मग रस्ता तुटक तुटक दिसायचा. वळण येऊन गेलेलं असायचं आणि पडद्यावर नंतर उमटायचं. तोवर ट्रक शेतात.

"विदे, कुठं राहिलीस? मी पुलापाशी उभी आहे."

"बिटाच्या शेतात."

"परत? अगं, तो बुदिमीर तुला सकाळीच पाजतो की काय?"

"यंत्र उचक्या देतंय."

"यंत्राला नावं ठेवू नकोस. वय झालं आपलं, बाई."

वयावर ढकललेलं विदाला आवडत नसे. वय झालं म्हणणं म्हणजे तपासणी न करता कागदावर सही ठोकणं. तिने वही काढली. तिहोमीर फोरमनने तिला शिकवलं होतं ते एवढंच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चालवून बघायचं, लिहायचं, मगच दुसरीला हात लावायचा. तो माणूस जाऊन बावीस वर्षं झाली. वहीचं नवं पान उघडताना ती अजून मनात त्याचं नाव घ्यायची.

यंत्र मेजाखालच्या कप्प्यातून ओढून ती स्वयंपाकघरात न्यायची. तिथे उजेड चांगला, टेबल मोठं. आधी धूळ काढली. मऊ ब्रशने, पंख्याचं एकेक पातं धरून. मग तासभर खेळ चालवला. सेकंदाला साठ चित्रं, ती चित्रं काढणाऱ्या कार्डाचं तापमान अडुसष्ट. लिहिलं, 'स्वयंपाकघर. धूळ होती. बरं झालं.' यंत्र जागेवर नेऊन ठेवलं. शनिवारी ट्रक पुन्हा बिटात.

पुढच्या आठवड्यात कार्ड उघडून आतली उष्णता वाहून नेणारी, आता वाळलेली पेस्ट खरवडली आणि नवी लावली, तांदळाच्या दाण्याएवढी, जास्त नाही. स्वयंपाकघरात झकास. शनिवारी बीट. मेमरीच्या पट्ट्या एकेक काढून बघितल्या. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, जुना परत बसवला. दर वेळी स्वयंपाकघरात यंत्र गुणी लेकरासारखं चालायचं आणि शनिवारी नांगी टाकायचं. नोव्हेंबर सरता सरता तर वीस मिनिटांतच तापमान नव्वदवर जाऊ लागलं. एवढं तापलं की जळू नये म्हणून कार्ड स्वतःच आपला वेग कमी करतं, हे तिला ठाऊक होतं. पण तापतं का? त्याच कप्प्यात ते चार वर्षं थंड राहिलं होतं. म्हणून कप्प्यावर तिचा संशय गेलाच नाही.

दुकानातल्या माणसाने काही न उघडताच निकाल दिला. "कार्ड गेलं, आजी. चौथ्या वर्षी जातातच."

"तुला शाळेतून चौथीत काढलं, तसं?" विदा म्हणाली आणि कार्ड न घेता घरी आली.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी तिचा ट्रक तीनदा शेतात गेला. तिसऱ्यांदा स्तामेना हसली नाही.

"ऐक विदे. मुलीच्या मैत्रिणीला स्टीअरिंग हवंय. इथे खोलीतही जागा नाही. पुढच्या शनिवारीही असंच झालं तर देऊन टाकते."

"एक आठवडा थांब."

"तेच म्हणतेय, आठवडा. रागावू नकोस. रस्त्याच्या कडेला उभं राहून तुझी वाट बघण्यापेक्षा न निघालेलं बरं. तिथे उभी राहिले की फार एकटं वाटतं गं."

विदा त्या रात्री जेवली नाही. शनिवार गेला तर स्तामेनाला आठवडाभर आपल्या भाषेत दोन शब्द बोलायला कोण होतं? दमून आलेली मुलगी, तीही जेवणापुरती. आणि विदाला तरी ते दोन सांडलेले थेंब खाली उभं राहून बघितलेलं दुसरं कोण उरलं होतं?

गुरुवारी सकाळी ती वही घेऊन बसली. काही बदलायचं नाही, फक्त वाचायचं, असं ठरवून. तिसऱ्यांदा वाचताना तिच्या लक्षात आलं, की 'बरं' असं जिथे जिथे लिहिलंय, तिथे तिथे आधी 'स्वयंपाकघर' लिहिलंय. एकही अपवाद नाही.

तिने वही मिटली आणि स्वतःला एक शिवी दिली. क्रेन खाली उतरवून तपासणाऱ्यांवर ती आयुष्यभर ओरडली होती: जिथे लटकते तिथे तपासा, खाली आणली की ती शहाण्यासारखीच वागते!

मेज होतं खिडकीखाली. ओकच्या लाकडाचं, कचेरीतलं जुनं, मागून उघडं. यंत्राच्या कप्प्यालाही मागे पाठ नव्हती, पाय ठेवायच्या जागेलाही नव्हती. विदा टॉर्च घेऊन जमिनीवर आडवी झाली आणि आत सरकली. मागे भिंत दिसायला हवी होती. दिसलं गडद तपकिरी कापड. यंत्र काढता-ठेवताना तिची बोटं त्या कापडाला किती वेळा लागली होती, आणि दर वेळी तिने ते खिडकीचा पडदा समजून सोडून दिलं होतं.

पडदा नव्हता. सैन्यातलं कांबळं होतं, दोन पदरी. मेजाची सगळी पाठ त्याने बंद केली होती.

"बुदिमीर!"

तो आला. हातात डाव. चुलीवर घेवड्याचा पसूल रटरटत होता.

"हे काय आहे?"

"कांबळं."

"ते दिसतंय मला."

"मग विचारतेस कशाला?"

"कुणी लावलं?"

बुदिमीरने डाव या हातातून त्या हातात घेतला. "पहिलं ऑक्टोबरात, कोशावा वारा सुटला तेव्हा. तू बाजारात गेली होतीस. दुसरं नोव्हेंबरात. वारा खिडकीच्या फटीतून मेजामागे उतरतो आणि खालून थेट तुझ्या कमरेवर येतो. हात धरून बघितलं मी. तिथे तू तीन-तीन तास बसतेस. वसंतात बारा दिवस दवाखान्यात काढलेस किडनीपायी, विसरलीस?"

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर हसली असतीस. सगळ्या सर्बियाला वारा बाधतो, तुला तेवढा बाधत नाही."

"अरे, आयुष्यभर बॉयलर सांभाळलास आणि माझ्या धुरांड्यात बोळा कोंबलास!"

बुदिमीरने डाव मेजावर ठेवला. मग हळूहळू वाकला, एका हाताने मेज धरून, आणि कप्प्यात बघितलं. बॉयलरवाल्याला समजायला फार वेळ लागला नाही.

"मागून," तो पुटपुटला. "मागून जाते म्हणाली होतीस."

"म्हणाले होते."

"विसरलो." तो सरळ झाला. "पण यंत्राचे भाग दुकानात मिळतात. तुझे मिळतात का?"

विदाच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. सात आठवड्यांचं साठलेलं. पण ती अजून जमिनीवरच पडलेली होती आणि टॉर्चच्या उजेडात तिच्या डोळ्यांसमोर खिळे होते. ते तिने मोजले. चोवीस. चार-चार बोटांवर, एकही वाकडा नाही. कड आत दुमडलेली. तारा जाव्यात म्हणून चीर ठेवलेली, आणि चिरेची कड जाड दोऱ्याने शिवून घेतलेली. उजव्या गुडघ्यामुळे बुदिमीरला जिन्याच्या चार पायऱ्या धड उतरता येत नाहीत. तो माणूस या अरुंद जागेत पाठीवर पडून, वर हात करून, निम्मे खिळे चाचपत ठोकत होता. दोनदा. ती बाजारातून यायच्या आत.

"शिवण चांगली आहे," ती म्हणाली.

"तारा चिमटल्या असत्या नाहीतर."

"हं. उठव मला आता. आणि पसूल करपतोय."

शुक्रवारी दोघांनी खिळे उपटले. वारा जिथून येतो तिथेच अडवायचा, हे तिने ठरवलं. कांबळ्याच्या पट्ट्या त्याने कापल्या, सुरीने, पट्टी लावून. त्या तिने खिडकीच्या फटीत लाकडी पाचरीने ठासून बसवल्या. मग पेटती मेणबत्ती फटीवरून सावकाश फिरवली. डाव्या कोपऱ्यात ज्योत हलली. तेवढा भाग काढून पुन्हा केला. बुदिमीर म्हणाला, पुरे. ती म्हणाली, हललेली ज्योत पुरे नसते. तिसऱ्या वेळी ज्योत सरळ उभी राहिली.

यंत्र जागेवर ठेवून तिने तासभर चालवलं. स्वयंपाकघरात नाही, जागेवर. साठ चित्रं, तापमान सहासष्ट. वहीत लिहिलं, 'सात आठवडे चुकीच्या जागी बघितलं.' खाली तारीख टाकली. पाठ करायच्या तारखा आता तीन झाल्या.

शनिवारी दहाला दोघी निघाल्या. पाऊण तास झाला. विदा बोलत नव्हती, रस्त्याकडे बघत होती. तास झाला. पूल गेला, बिटाचं शेत आलं आणि बाजूने मागे पडलं.

"अगं बाई, अजून रस्त्यावरच आहेस!" स्तामेना ओरडली. "काय होतं शेवटी?"

"बुदिमीरने मेजामागे कांबळं ठोकलं होतं. मला वारा लागू नये म्हणून. गरम हवा आतच कोंडत होती."

ती हसेल म्हणून विदा थांबली.

"मग आता काढलंस ते?" स्तामेनाने विचारलं.

"काढलं."

"डिसेंबरात? वेड लागलंय का तुला? आणि कमर?"

"फट बुजवली. मेणबत्ती धरून बघितली."

"कमरेला काही बांधलंयस?"

विदाने खाली बघितलं. लोकरीचा रुंद पट्टा. सकाळी बुदिमीरने बांधला होता, आणि ती हात वर करून मुकाट्याने उभी राहिली होती.

"बांधलंय."

"मग ठीक. त्याला माझे आभार सांग. आणि स्टीअरिंग मी देत नाही कुणाला. मोडलं म्हणून सांगितलं."

"खोटं बोललीस?"

"काल संध्याकाळीच. तू दुरुस्त केल्याशिवाय राहणार नाहीस, माहीत होतं मला. पुढे डावीकडे वळण आहे, सांभाळ."

एवढ्यात बुदिमीर कॉफी घेऊन आला आणि कप ठेवायला जागा शोधू लागला. विदाने एका कानावरचा हेडफोन सरकवला. डोळे रस्त्यावरच.

"स्तामेनाने आभार सांगितलेत तुला."

"मला? कशाबद्दल?"

"कांबळ्याबद्दल. माझेही."

"तुझे काय?"

"तेच. कप ठेव आणि बाजूला हो, वळण आलंय."