प्रश्नांची तालीम

आमच्या मुलुंडच्या शाळेत एकदा प्रयोगाच्या साहित्याची पेटी आली. भिंगं, लोहचुंबक, छोटा तराजू, सगळं नवंकोरं. मोठ्या बाईंनी पेटी कपाटात ठेवली आणि किल्ली पर्समध्ये. मी माझ्या तिसरीसाठी मागायला गेले तर म्हणाल्या, "मुलं मोडतील हो. साहेब तपासणीला आले की काढू." म्हणजे मुलांसाठी आलेली वस्तू मुलं सोडून बाकी सगळ्यांसाठी. असं डोकं फिरलं माझं!

मग मीच गोळा करायला लागले. बंद पडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक, आईच्या जुन्या चष्म्याची भिंगं, करवंट्या, गोराईहून आणलेले शिंपले. वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात टेबल मांडलं. नियम एकच. हात लावायचा आणि मनात येईल ते विचारायचं. उत्तर बाई सांगणार नाहीत, मिळून शोधायचं. सुरुवातीला पोरं नुसती माझ्या तोंडाकडे बघायची. प्रश्न विचारला की ओरडा बसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. दिवाळीनंतर कुठे तोंडं उघडली. एकीने विचारलं, "बाई, करवंटी तरंगते, मग अख्खा नारळ बुडेल का?" बादली आणली, नारळ सोडला, अर्धा व्हरांडा ओला. नारळ तरंगला तेव्हा काय कल्ला झाला, बापरे! मोठ्या बाई धावत आल्या. मी बोलणी खाल्ली, पण जाम खुशीत होते.

ही खुशी सांगायला मात्र कोणी नव्हतं. स्टाफरूममध्ये विषय काढला की "तुला बरा वेळ मिळतो गं" म्हणत सगळ्या डबे उघडायच्या. नाहूरच्या घरात आई गेल्यापासून मी एकटीच. कुकर लावता लावता नारळाची गोष्ट भिंतीला सांगितली, खोटं कशाला बोलू.

तपासणी ठरली आणि नेमकी मी तापाने आडवी झाले. शेजारच्या वर्गाच्या बाईने माझी मुलं सांभाळली. माझ्याच वयाची, मायाळू. तपासणीच्या सकाळी मी धडपडत पोचले तर म्हणाली, "अगं, काळजी करू नकोस. तुझी पोरं एकदम तयार आहेत."

साहेब आले. टेबलावर पेटीतलं साहित्य मांडलेलं, माझं सामान कपाटामागे. साहेबांनी विचारलं, "कोणाला काही विचारायचंय?" पहिल्या बाकावरची मुलगी उठली आणि खड्या सुरात म्हणाली, "लोहचुंबक लोखंडालाच का चिकटतं?" ती बसली, तिच्या मागचा उठला. मग त्याच्या मागची. ओळीने. एकही अडखळलं नाही. प्रत्येकाला एकेक प्रश्न पाठ करायला दिला होता! साहेब खूश. "झकास तयारी हं, बाई," म्हणाले. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला रडू येत होतं. त्या माउलीला बोलणार तरी काय? तिने जीव तोडून केलं होतं, आणि तेही माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी पेटी परत कपाटात गेली. मी माझं टेबल पुन्हा मांडलं आणि म्हटलं, "चला, विचारा." कोणी जागचं हलेना. बऱ्याच वेळाने ती नारळवाली मुलगी उठून उभी राहिली. मला इतकं बरं वाटलं.

"बाई," ती म्हणाली, "आज मला कुठला प्रश्न आहे?"