यादीतला शेवटचा रकाना

सुलतानपूरच्या बसथांब्यासमोर माझं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे, आणि माझ्याइतकं नेटकं काम आसपासच्या गावांत कोणी करत नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. सकाळी शटर उघडलं की एक म्हातारबा पेपर घेऊन माझ्या बाकावर येऊन बसतात. चष्मा रोज घरी विसरतात, म्हणून बातम्या मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडं. गेल्या वर्षी दिवसाआड तीच बातमी असायची: मोबाईल आपलं बोलणं ऐकतो, लोकांची माहिती चोरीला गेली, सावध राहा. आमच्याकडं त्या बातमीनं कोणाचा चहा थंड झाला नाही. म्हातारबा म्हणायचे, ऐकू दे फोनले, घरात म्हातारी दिवसभर बोलते ते मी तर ऐकत नाही, तो तरी ऐकंन. मी त्यांच्याही पुढची. ज्यानं काही लपवलंय त्यानं भ्यावं, असं मी गिऱ्हाइकांना बजावून सांगायची. कोणाच्या घरी काय शिजलं हे जिथं वासावरून कळतं, तिथं कसली आलीय खासगी माहिती!

त्याच दिवसांत बायकांच्या एका सरकारी योजनेचे बरेच अर्ज त्रुटीत निघाले. कोणाचा अंगठा जुळेना, कोणाच्या खात्याला आधार जोडलेलं नाही. माझं काय झालं हे विचारायला रोज दारात रांग लागायची. मी वैतागले आणि सरळ यादीच काढली. नाव, नवऱ्याचं नाव, मोबाईल नंबर, त्रुटी. पण नुसत्या नंबरावर आमच्याकडं बाई सापडत नाही. नंबर तिचा असला तरी फोन दिराच्या खिशात आणि दीर शेतात. म्हणून मी स्वतःच्या डोक्यानं शेवटी एक रकाना वाढवला: सध्या मुक्काम. बाळंतपणाला आलेल्या, भांडून माहेरी बसलेल्या, सगळ्या त्यात बरोबर बसल्या. 'मामाच्या घरी, हातपंपामागं' इतकं स्पष्ट लिहिलं होतं मी. यादी दुकानाच्या काचेवर डकवली आणि तिचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. लोकांनी वाहवा केली. मी फुगले.

तिसऱ्या दिवशी दुपारी यादीतली ती हातपंपामागची पोरगी आली. नात्यातल्या एका लांबच्या मामाकडं राहून ब्लाउज शिवायची, बोलणं मोजकं. सासर घाटाखाली, सोनाळ्याच्या बाजूला, एवढंच मला माहीत होतं. यादीतून माझं नाव काढा म्हणाली. मी तिलाच सुनावलं, की सगळ्यांची नावं आहेत, तुलाच काय वेगळी लाज आली? तिनं बाकावरची माणसं उठेपर्यंत वाट पाहिली. मग उजवा हात काउंटरवर ठेवला. कोपर पुरतं सरळ होत नव्हतं.

"हा हात त्यानं मोडला, ताई. मी इथं हाये हे त्याले माहीत नाही."

मी काचेवरची यादी तिच्यादेखत फाडली, ग्रुपवरचा फोटो पुसला आणि चूक वेळेवर निस्तरली म्हणून स्वतःलाच शाबासकी दिली. ग्रुपमध्ये अर्ध्या गावाचे जावई आणि व्याही आहेत, आणि तीन दिवसांत तो फोटो कुठं कुठं गेला असेल, हे दिवसभर संगणकावर बसणाऱ्या माझ्या डोक्यात आलंच नाही.

आठवडाभरानं बसमधून एक माणूस उतरला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी अदबीचं. त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. माझीच यादी, वर माझ्याच दुकानाचं नाव, आणि एका ओळीभोवती लाल गोल.

"हे मामाचं घर कुठी आलं, ताई? नवरा हाये मी तिचा."

आमच्या गावात घर विचारणाऱ्याला नुसता रस्ता सांगत नाहीत, त्याला दारापर्यंत नेऊन सोडतात. शेजारचा चहावाला तर हात पुसत उठलाही होता. तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "थे बाई इथं राहत नाही. यादी चुकली होती माही."

माझ्या कामाला मीच चूक म्हटल्याचं त्या बाकानं कधी ऐकलं नव्हतं. चहावाला काय ते समजून खाली बसला. म्हातारबांनी शांतपणे पेपरची घडी केली, ती पोरगी कधीचीच मेहकरला गेली म्हणून सांगितलं, आणि त्या माणसाला हाताला धरून मेहकरच्या बसमध्ये बसवून आले. तो परत येणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

मी शटर ओढलं आणि तडक तिच्याकडं गेले. कोण आलं होतं, त्याला पत्ता कुठून मिळाला, सगळं सांगितलं. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं दातानं दोरा तोडला आणि म्हणाली, "मी कुठी जात नाही. उद्या पोलीस ठाण्यात अर्ज देतो. तुमी यान का माह्यासंगं?"

दुसऱ्या दिवशी मामा, ती आणि मी ठाण्यात गेलो. अर्ज मीच टाईप केला होता आणि त्यात माझ्या यादीची चूकही लिहिली होती. पोलिसांनी नवऱ्याला बोलावून घेतलं, समज दिली. ते पुरेसं आहे असं मला वाटत नाही, पण आता बसथांब्यावरचा प्रत्येक जण त्याला ओळखतो.

महिन्याभरानं ती दुकानात आली. आता लपण्यात अर्थ नाही, मामाच्या पुढच्या खोलीत शिलाईचं दुकान टाकते, पाटी करून द्या म्हणाली. मी तिला शेजारी बसवलं. ती सांगत गेली तसं मी टाईप केलं: तिचं नाव, त्यापुढं वडिलांचं नाव, खाली ब्लाउज, फॉल, पिको. हात आपसूक पुढच्या ओळीवर गेला आणि तिथंच थांबला. खाली मोबाईल नंबर टाकू का, मी विचारलं.

तिनं पडद्यावरची पाटी एकदा वाचून पाहिली.

"नंबर नका टाकू. पन या खेपेले इचारलं तुमी, हे बरं केलं."