खळ घातलेली चड्डी

आमच्या गल्लीत क्रोशाचा एक मोर होता. टेबलावर घालायच्या पांढऱ्या रुमालाच्या मधोमध तो पिसारा पसरून उभा असे. तो मुळात कुणी विणला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण गल्लीतल्या प्रत्येक लग्नाच्या मुलीनं तो विणलेला होता. कुणाकडे मुलगी बघायला पाहुणे यायचे ठरलं की सकाळी मोर त्या घरी जाई आणि संध्याकाळी परत येई. ज्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता अशा मुलींचीही लग्नं त्या मोरानं लावून दिली होती.

माझ्या वेळेला मात्र तो पकडला गेला.

मी बी.ए. झालेली. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम. साच्यांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे घरातही ते मोठ्यानंच बोलत. आमच्या घराण्यात अंगठा सोडून सही करणारे ते पहिले आणि कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. सोलापुरात तेव्हा कॉलेज नव्हतं, म्हणून पुण्याला हॉस्टेलात राहून शिकले आणि परत येऊन मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. मला याचा अभिमान होता, अजून आहे. तो लपवण्याइतकी नम्रता पुण्यातही मला कुणी शिकवली नाही.

आई मी लहान असतानाच गेली. मला आत्यानं वाढवलं. तिला माझी एकच काळजी होती, आणि ती अशी: "बी.ए. बी.ए. काय करतीस? पावन्यांपुढं टेबलावर मांडता येतंय व्हय ते?"

तेव्हा तिनं मोर मांडला.

बघायला आलेली मंडळी कापडाच्या दुकानवाली, आमच्यासारखीच निम्मं मराठी निम्मं कानडी बोलणारी. मुलगा वकील होता. म्हणजे काळा कोट होता, कोर्टात जाणं-येणं होतं आणि दुपारचा चहा बाररूममध्ये होता. अशील तेवढे यायचे राहिले होते. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आई असे तिघे आमच्या पुढच्या खोलीत बसले. आत्यानं चहा आणला. मुलाच्या आईनं कप उचलण्याआधी रुमालाचं टोक उचललं.

"हा मोर आम्ही मागच्या महिन्यात ह्याच गल्लीच्या पलीकडच्या टोकाला बघितला," त्या म्हणाल्या. "तिथल्या मुलीनं विणला होता."

"मोर काय, सगळे सारकेच दिसत्यात की," आत्या म्हणाली.

"चोचीपाशी चहाचा डाग आहे. तो ह्यांनी पाडलेला."

मुलाच्या वडिलांनी हातातला कप हळूच जमिनीवर ठेवला.

मग बाईंनी आत्याला विचारलं, "मुलीला विणता येतं की नाही?" मी समोरच बसले होते, पण मुलीविषयी मुलीला विचारायची रीत नाही. तरी मीच उत्तर दिलं. "येतं. हॉस्टेलात शिकले. मोर माझा नाही." आत्यानं मागून माझ्या दंडाला चिमटा काढला. तो दोन दिवस निळा होता.

मी काय शिकले, कुठे शिकवते, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. मला एकच पेपर होता आणि तो बाईंनी तिथल्या तिथे काढला. "जे कुणाच्याच घरी नसेल असं काही करून दाखवू दे. म्हणजे उसनं आणायला नको."

इथे मुलगा पहिल्यांदा बोलला. त्याच्या खिशात क्लबातल्या विलायती मासिकातून कापलेलं चित्र होतं. समुद्राच्या वाळूत एक गोरा साहेब, अंगात विणलेली आखूड चड्डी, तोंडात पाइप. "उन्हाळ्यात फार सुखाची असते म्हणतात," तो म्हणाला. "घरात घालावी, पोहायला घालावी. असली चड्डी अख्ख्या सोलापुरात नसेल."

मुलीकडे चड्डी मागावी का, असा प्रश्न त्या विद्वान घरात कुणाला पडला नाही. उलट बाई खूश झाल्या. चड्डी उसनी मिळणार नव्हती. उठता उठता त्यांनी वडिलांना सांगितलं, "आणि लग्न ठरलं तर शाळा सोडायची. आमच्याकडे बायका नोकरी करत नाहीत."

ते गेल्यावर मी वडिलांना म्हटलं, "मी शाळा सोडणार नाही."

"आगं, आदी पसंत तरी करू देत. मग बगू की."

"मग काय बघणार?"

"घर चांगलं हाय," ते म्हणाले. एवढंच. माझं वय वाढलेलं, त्यांचं काम सुटायला आलेलं. ज्या माणसानं चार लोकांचं ऐकून न घेता मला पुण्याला धाडलं, तो आता चार लोकांचं ऐकायला लागला होता. वडिलांनी हो म्हटलं तर माझा वर्ग गेला, हे मला स्वच्छ दिसत होतं. चड्डी विणायला नाही म्हणता आलं असतं. पण परीक्षेला न बसता नापास होणं माझ्या स्वभावात नाही.

मापासाठी मुलाकडून एक जुनी हाफ पँट आली. आत्यानं ती धरून बघितली.

"ही धाकट्या भावाची असंल."

"त्यांना भाऊ नाही."

"मग हे त्यात मावतंय कसं?"

मुलगा वकिलीतला होता आणि पँट कॉलेजातली होती. मी मनातल्या मनात कंबर वाढवून घेतली.

मग चैत्रातल्या उन्हात, दारावर ओलं गोणपाट टांगून, मी चड्डी विणायला बसले. घामानं सुई बोटांतून निसटायची. कमरेची साखळी घातली, तिचं कडं केलं आणि गोल गोल विणत खाली आले. जाळीचं काम केलं असतं तर लवकर झालं असतं, पण आत्या म्हणाली, "जाळीतनं सगळं दिसंल की गं." म्हणून सगळे मुके खांब घातले, बुटके आणि घट्ट. गल्लीतल्या बायकांनी आजवर तोरणं विणली होती, रुमाल विणले होते, दुधावरची झाकणं विणली होती. ज्याला दोन पाय फुटतात असं कुणी विणलेलं नव्हतं. ज्या दिवशी मी कडं मधून दुभागलं, त्या दिवशी आमच्या ओट्यावर बायकांची दाटी झाली.

"वकीलसायबाची चड्डी कुटवर आली?"

"मांडीपर्यंत."

"लगीन कुटवर आलं?"

"ते अजून साखळीवरच आहे."

वडील गिरणीतून आले की टोपी काढायच्या आधी चड्डी हातात घेत. आडवी ताणत, उभी ताणत, उजेडात धरत. एकदा म्हणाले, "वीण घट्ट हाय." गिरणीत ते एवढंही कुणाला म्हणत नसत. मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला.

चड्डी झाली आणि मी शाळेत गेले. तेवढ्यात आत्यानं तिला खळ घातली. क्रोशाच्या कामाला साबुदाण्याची खळ घालायची आणि ताठ करून मांडायचं, ही आमच्याकडची रीत. तोरण असो, रुमाल असो, मोर असो, खळीशिवाय पाहुण्यांपुढे जायचा नाही. चड्डी अंगात घालायची असते हा भेद आत्याच्या लेखी किरकोळ होता. तिनं दोन पायांत दोन तांबे घालून ती उन्हात वाळवली. मी घरी आले तर चड्डी टीपॉयवर उभी. कुणी धरलेली नाही, कशाला टेकलेली नाही, स्वतःच्या पायांवर. कमरेच्या वर माणूस तेवढा नव्हता.

"आत्या, हे घालायचं आहे."

"घालंल की मागनं. आदी बगू दे."

पाहुणे दुसऱ्यांदा आले तेव्हा ती तशीच मध्ये उभी होती. सगळे तिच्याभोवती बसून बोलत होते, तीच जणू उपवर होती. बाईंनी तिला टिचकी मारली, टक् असा आवाज आला. नवऱ्याकडे वळून त्या कानडीत म्हणाल्या, "चलो ऐती." चांगली आहे. त्या घरानं माझ्याविषयी काढलेला हा पहिला चांगला शब्द, आणि तोही चड्डीला.

मी म्हटलं, "एक सांगायचं आहे. ही पाण्यात घालू नका. सुती दोरा पाणी पितो आणि जड होऊन लोंबतो. वीण घट्ट आहे, तेव्हा पाणीही जास्त धरेल."

मुलगा हसला. "साहेब लोक समुद्रात घालतात."

"चित्रातला साहेब कोरडा आहे," मी म्हटलं.

"मुलगी बोलते फार," बाई वडिलांना म्हणाल्या. "पण हात चांगला आहे. बोलणं आमच्याकडे आल्यावर कमी होईल. जूनपासून शाळेत जायचं नाही, एवढं मात्र आत्ताच ठरवा."

मी वडिलांकडे बघितलं. ते टीपॉयकडे बघत होते. "बगू," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी आम्हाला त्यांच्या मळ्यात आमरसाचं जेवण होतं. तिथेच सुपारी फोडायची असं बोलणं झालं होतं. आम्ही टांग्यानं निघालो. आत्या केसात मोगरा माळून माझ्याकडे बघत होती आणि वडील घोड्याकडे. मनात एकच होतं, की आज सुपारी फुटली तर जूनमध्ये माझ्या वर्गावर दुसरं कुणीतरी उभं असेल.

मळ्यातली विहीर पायऱ्यांची आणि भरलेली. आंब्याखाली पानं मांडली होती. जेवणाआधी मुलानं पोहायचं काढलं. आत लंगोट, वर माझी चड्डी. खळ अजून शाबूत होती, त्यामुळे तो बाहुल्यासारखा पाय न वाकवता चालत काठापर्यंत गेला. आमच्याकडे बघून हसला आणि उडी मारली.

पोहला मात्र छान, ते नाकारत नाही. मग बाहेर यायला लागला. पहिल्या पायरीवर चड्डी गुडघ्यापर्यंत आली होती. वरच्या पायरीवर पोटऱ्यांपर्यंत. नाडी पक्की असल्यामुळे कंबर जागेवर होती, पण बाकीची चड्डी विहिरीकडे परत निघाली होती. त्यानं दोन्ही हातांनी ती वर ओढली, तशी खळीचं पांढरं पाणी पायांवरून ओघळलं. समुद्रावरचा साहेब आमच्या समोर धोतर नेसून वर आला.

पहिल्यांदा त्याचे वडील हसले. मला तो माणूस मोराच्या डागापासूनच बरा वाटत होता.

बाई हसल्या नाहीत. पोरगा कपडे बदलायला गेला आणि आम्ही पानांवर बसलो, तरी त्यांच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. "माप चुकलं," त्या वडिलांना म्हणाल्या. "दुसरी करून द्यावी लागेल. तोवर सुपारी राहू दे."

"माप तुम्ही पाठवलं ते होतं," मी म्हटलं. "आणि पाण्यात घालू नका म्हणून मी सांगितलं होतं."

"बघा," बाई वडिलांना म्हणाल्या. "अजून बोलतेच आहे."

वडिलांनी वाटी बाजूला सारली, तांब्यातल्या पाण्यानं हात धुतला आणि उभे राहिले. गिरणीतला आवाज होता, मळाभर ऐकू गेला.

"बाई, पोरगी सांगत हुती. मी तितंच बसलो हुतो. तुमी ऐकलं न्हाई, पोरानं ऐकलं न्हाई, आन मीबी गप बसलो. तिनंच इनलेल्या चड्डीबद्दल तिचं कुनी ऐकत न्हाई, मग तुमच्या घरात तिचं काय ऐकनार हाय?"

"अहो, जेवण तरी पुरं करा," मुलाचे वडील म्हणाले.

"झालं की."

आत्याचं झालं नव्हतं. तिच्या पुढ्यात रसाची दुसरी वाटी तशीच होती. वाटीकडे एकदा बघून तीही उठली, पण रिकाम्या हातानं नाही. "दोरा आमचा हाय," ती बाईंना म्हणाली आणि चड्डी मागून घेतली. टांग्यात ती आत्याच्या मांडीवर केळीच्या पानात पडून होती आणि घरापर्यंत गळत होती. वाटेत वडील मला म्हणाले, "जूनला शाळा कवा उगडती?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा घोड्याकडे बघायला लागले.

क्रोशाचं एक बरं असतं, टोक सापडलं की सगळं उसवतं. आत्यानं ती चड्डी एका बैठकीत उसवली, दोऱ्याची लडी करून धुतली आणि पावसाळाभर बसून नवा मोर विणला. मान थोडी जाड झाली आहे, पण पिसारा चांगला आहे. जुना मोर डागामुळे बाद झाला आणि गल्लीत हा नवा फिरायला लागला. मी तेव्हा मोठ्या वर्गाला शिकवत होते.

दिवाळीनंतर मागच्या घरातल्या मुलीला बघायला पाहुणे आले. मोर सकाळीच गेला होता. पाहुणे कोण ते कळलं तेव्हा आत्या पडद्याआड जाऊन उभी राहिली आणि परत येऊन मला सगळं सांगितलं. बाईंनी रुमालाचं टोक उचललं, उलटून बघितलं. डाग नव्हता. हा मोर त्यांनी कुठेच बघितलेला नव्हता. "चलो ऐती," त्या म्हणाल्या.

लग्न तिथेच ठरलं. आणि वकीलसाहेबांनी आपल्याच चड्डीवर बशी ठेवून सावकाश चहा घेतला.