हसुशेठांनी न प्यालेला पेला

आमच्या टाक्यांतल्या गाळावर तीन मजली बंगला बांधणारा माणूस आज पहाटे गेला.

हसुराम, मूळचे कामोठे गावचे. अखिल पनवेल तालुक्यात 'हसुशेठ'.

व्यवसाय: इमारतींच्या पाण्याच्या टाक्या धुणे.

होय, एवढंच. यात अ‍ॅप नाही, फंडिंग नाही, कोटातला 'फाउंडर' नाही. ज्या विवरात आपण जन्मात कधी डोकावत नाही, त्यात ब्रश घेऊन उतरण्याची सिद्धता, बस.

तळोज्याची त्यांची कंपनी बंद पडली, तेव्हा सगळे सहकारी दुसऱ्या कंपनीच्या गेटाकडे बघत उभे राहिले.
हे वर बघत उभे राहिले.
प्रत्येक गच्चीवर एक टाकी होती.

मी त्या काळी खारघरमधल्या आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव होतो. म्हणजे विनावेतन मानहानीच्या पदावर विराजमान. त्यामुळे पुढचा प्रसंग मी प्रत्यक्ष पाहिला आहे.

हसुशेठांचा एक अलिखित विधी होता. टाकी धुऊन, पुन्हा भरून झाली की खिशातून स्वतःचा स्टीलचा पेला काढायचा, त्याच टाकीतलं पाणी घ्यायचं आणि कमिटीदेखत पहिला पेला स्वतः प्यायचा.
बिल त्यानंतर.

"यो पेला म्हंजे माजा ऑफिस हाय," ते म्हणत.

आमच्या संकुलातल्या सगळ्या इमारतींचं वार्षिक कंत्राट त्या वर्षी द्यायचं होतं. निर्णय सर्वस्वी अध्यक्षमहोदयांच्या हाती. त्या कंत्राटाच्या भरवशावर हसुशेठांनी पत्नीचे दागिने गहाण टाकून मोठा पंप घेतला होता. अध्यक्ष म्हणाले, आधी एक टाकी धुऊन दाखवा.

मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा. जलदानाचं पुण्य अक्षय असतं ना!

टाकी धुतली गेली. भरली गेली. हसुशेठ हातपाय धुवायला खाली गेले.

आणि तेवढ्यात अध्यक्षमहोदयांना जलपूजनाची स्फूर्ती झाली.

हळद, कुंकू, झेंडूची फुलं. आणि तांब्याभर पंचामृत. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं समंत्रक टाकीत. मंत्रोच्चार अस्मादिकांचा.

हसुशेठ वर आले. टाकीत डोकावले. पेला अर्धा बाहेर आला होता, तो परत खिशात गेला.

"घ्या, हसुराम, प्या! फोटो काढायचाय."

"नाय साहेब. यो पानी मी नाय पिनार."

"का? तुम्हीच धुतलीत ना?"

"मी धुतली. मंग तुमी दूध ओतलात."

"दूध काय म्हणता? पंचामृत आहे ते! तीर्थ!"

"तीर्थ हातावर घेतात, साहेब. सगल्या बिल्डिंगच्या पाइपात नाय सोडत."

खजिनदारांना खोकला आला. तो हास्याचा अपभ्रंश होता.

अध्यक्ष लालबुंद. "देवाधर्माचं काही आहे का नाही तुम्हाला?"

"एकवीरा आईचा भक्त हाय मी. आई पन बोलेल, उद्या नासनार यो पानी."

"हे बघा, एक घोट प्या आणि कंत्राट घ्या. नाहीतर राहू द्या."

हसुशेठांनी एकदा त्या नव्या पंपाकडे पाहिलं.
खाली वाकले आणि टाकीचा वॉल्व्ह उघडला.

वैशाखात, खारघरमध्ये, गच्चीवरून पाणी वाहू लागलं! चौथ्या मजल्यावरच्या वहिनी तरातरा वर आल्या. "कुणी सोडलं हो पाणी? माझी भांडी पडलीयेत तशीच!"

"मी सोडला, वैनी. भरून देतो. आजच्या आज."

दिली. टाकी पुन्हा घासली, स्वखर्चाने टँकर मागवला, आणि दिवेलागणीला पेला भरून प्याले. पाहायला कमिटीतलं मी सोडून कुणी नव्हतं.

कंत्राट दुसऱ्याला गेलं. दागिने गहाणच राहिले.

पण वहिनींनी सगळं रामायण खारघरभरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं होतं. तक्रार म्हणून.
खाली उत्तरं आली:
"तो न पिणारा माणूस कोण? नंबर द्या ना."
"आम्हालाही."
"प्लीज."

पुढचं वैभव आपण सर्वांनी पाहिलंय. दागिने सुटले. पंपाला भावंडं झाली. टेम्पो आले, माणसं आली, त्या माणसांचे विमे उतरवले गेले. कामोठे, खारघर, तळोजा, जिथे टॉवर उभा राहिला तिथे वास्तुशांतीच्या आधी हसुशेठ.

कालांतराने आमच्या नव्या कंत्राटदाराच्या पाण्याला वास यायला लागला. अध्यक्षांनी मला दूत म्हणून पाठवलं. हसुशेठांनी चहा पाजला, विचारपूस केली आणि दर सांगितला.

दुप्पट.

म्हटलं, "शेठ, काम तर तेच ना?"

"काम तेच हाय, सचिवसाहेब. तवा मी नुसता धुवाचे पैसे घेत होतो. आता 'नाय' बोलाचे पन घेतो."

अध्यक्षमहोदयांनी मुकाट सही केली. आयुष्यात प्रथमच, भाषणाविना.

अर्थशास्त्राची पदवी माझ्याकडेही आहे. पण संपत्ती निर्माण होते कशी, ते मी त्या गच्चीवर उन्हात उभं राहून पाहिलं. अजून नीट उमगलेलं नाही. नुसता थक्क होतो.

हसुशेठ, येतो. नतमस्तक श्रद्धांजली.