पानावरची खूण

मालकांनी शनिवारपर्यंतची मुदत दिली तेव्हा मी त्यांच्या टेबलावर फाईल आपटली होती, हे आधीच सांगून टाकते. मला राग पटकन येतो. घरच्यांना ठाऊक आहे, गल्लीतल्या भाजीवालीलाही ठाऊक आहे.

कसबा बावड्यात पहिल्या मजल्यावरच्या तीन खोल्या, एवढीच आमची कंपनी. साखर कारखान्यांसाठी आम्ही एक डबा बनवतो. साखर जिथं शिजते तिथं तो भिंतीवर बसतो, तापमान नि दाब टिपतो, पडद्यावर आलेख काढतो आणि काही बिघडलं की बोंब मारतो. त्याच्या आत चालते ती ऑपरेटिंग सिस्टिम मी लिहिलेली. बारा वर्षांपूर्वी मालक म्हणत होते, तयार घ्या की बाहेरनं. मी हट्टाला पेटून स्वतः लिहिली.

त्यातला मेमरी सांभाळणारा भाग म्हणजे माझा जीव की प्राण. लग्नात ताटं साठ आणि माणसं सहाशे असली तरी पंगतीला बसलेल्या प्रत्येकाला समोरचं ताट आपलंच वाटतं ना, तसंच ते. डब्यात जागा थोडी, पण प्रत्येक प्रोग्रामला वाटायला हवं की सगळी जागा आपलीच. म्हणून मेमरीची पानं पाडायची, बराच वेळ न लागलेलं पान शेजारच्या मेमरी कार्डावर ठेवून द्यायचं आणि लागलं की परत आणायचं. हे सगळं प्रोग्रामला कळूसुद्धा द्यायचं नाही.

मग आमची जुनी चिप बनायचीच बंद झाली. नवी आणली ती साफ वेगळ्या घराण्यातली. मालक म्हणाले, आता तरी तयार सिस्टिम घालू. मी म्हणाले, माझीच यावर चालवून दाखवते.

"शनिवारी कारखान्याचे चीफ इंजिनिअर येणारेत," मालक म्हणाले. "बॉयलर पेटवायच्या आधी त्यांना डबे लागतात. त्यांच्यासमोर चाललं तर तुमचं, न्हाय तर बाहेरचं. मग परत वाद नको."

फाईल आपटली ती इथं.

खरं तर मला काळजी नव्हती. नव्या चिपच्या बोर्डवर आठवडाभर सगळं झकास चाललं होतं. पण नव्या बोर्डवर मेमरीही भरपूर होती, पानं बाहेर काढायची वेळच येत नव्हती. सोमवारी मी अख्ख्या हंगामाचे आकडे एकदम आत सोडले. मेमरी गच्च भरली, पानं आत-बाहेर व्हायला लागली, आणि आलेखाला भोकं पडली. दहा मिनिटं आलेख बरोबर, मग सपाट शून्य, मग परत बरोबर. ज्या डब्यानं टिपलेलं विसरायचं नाही, तोच विसरायला लागला होता.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आणि असं झालं की मी जे करते तेच केलं. दुसऱ्यावर घसरले.

आमच्याकडे बोर्ड जोडायचं काम एक शाहूवाडीकडचे गृहस्थ करतात. माझ्याच वयाचे, कमी बोलणारे. मी त्यांना सगळ्यांच्या देखत म्हणाले, "कार्डाचं सोल्डरिंग कच्चं ठेवलंय तुम्ही."

त्यांनी भिंग लावून एकेक टाका मला दाखवला. सगळे पक्के. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "माझं तपासलंसा न्हवं? आता तुमचं बी तपासा की. ती फाईल उघडा."

ती फाईल म्हणजे मेमरीच्या पानांचा प्रोग्राम. आमच्याकडे प्रोग्राममधल्या टिपा मराठीतच लिहितात, जसं बोलतो तशा. त्या फाईलच्या डोक्यावर माझी टीप होती: 'पानावर खूण करायचं काम चिप स्वतः करते. इथं कुणीही हात लावायचा नाही.' अकरा वर्षांपूर्वी याच गृहस्थांनी त्या फाईलबद्दल दोन शंका विचारल्या होत्या आणि मी त्यांना इतकं झाडलं होतं की चहा देणारा दारातूनच परत गेला. त्यानंतर ती फाईल कुणी उघडली नाही. नव्या चिपसाठी मी बाकीच्या सगळ्या फायली ओळ न् ओळ वाचून बदलल्या, आणि ती तेवढी न वाचता जशीच्या तशी उचलली. माझ्या दमदाटीला मीच घाबरले होते म्हणायचं.

उघडली आणि दोन मिनिटांत डोक्यात प्रकाश पडला. एखाद्या पानावर काही नवं लिहिलं गेलं की त्यावर खूण लागते. खूण असेल तर ते पान आधी कार्डावर उतरवायचं, मगच त्याची जागा दुसऱ्याला द्यायची. खूण नसेल तर काही बदललेलं नाही, खुशाल फेकायचं. जुनी चिप ही खूण आपणहून करायची. नवी करतच नाही! ती लिहू देते आणि गप्प बसते. म्हणजे माझी सिस्टिम ताजे आकडे असलेली पानं कोरी समजून बिनदिक्कत फेकत होती.

"आईशप्पथ," मी म्हणाले. लाज वाटली, चांगलीच वाटली. माफी मागायची सवय नाही, म्हणून मी चहा मागवला आणि त्यांच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली. चिपचं जाडजूड मॅन्युअल दोघांच्या मध्ये ठेवलं.

त्यांनी बराच वेळ वाचलं. मग म्हणाले, "लिहायला बंदी घालता येती का पानावर?"

"येते. बंदी असताना लिहायला गेलं की चिप थांबते आणि आपल्याला हाक मारते."

"मग सगळ्या पानांवर आधी बंदीच ठेवा की. पहिल्यांदा लिहायला गेलं की हाक येणारच. तवा आपुन खूण करायची, बंदी उठवायची आनि सोडायचं. चिप करत न्हाय तर आपुन करू. त्यात काय?"

हा माणूस अकरा वर्षं माझ्या पलीकडच्या खोलीत बसत होता.

मंगळवार-बुधवार त्यातच गेले. गुरुवारी आलेख जवळजवळ भरला, पण एक भोक राहिलंच. दर वेळी वेगळ्या जागी. मालक दारात येऊन आमची तोंडं बघून जायचे. मला रडू येत होतं आणि मी टेबलाला लाथ मारत होते. पण सोडायचं नाही एवढं नक्की होतं. शेवटचं भोक बुजेपर्यंत उठायचं नाही असं मी जाहीरच करून टाकलं.

ते सापडलं शुक्रवारी दुपारी. पान कार्डावर उतरवलं की आम्ही खूण पुसून त्यावर परत बंदी घालत होतो. पण चिप प्रत्येक वेळी बंदी-खुणांचा आमचा तक्ता बघत नाही, आधी बघितलेलं जवळ लक्षात ठेवते. तिच्या लेखी बंदी अजून उठलेलीच होती. म्हणजे पुढचं लिहिणं खुणेशिवाय आत जायचं. बंदी घातल्याबरोबर चिपला 'आधीचं विसर' म्हणून सांगायचं, एवढीच ती एक ओळ. घातली. अख्खा हंगाम परत आत सोडला. भोक नाही. परत सोडला. नाही.

शनिवारी चीफ इंजिनिअर आले. आडदांड माणूस, आवाज खणखणीत. त्यांनी स्वतः आकडे भरले, मधेच प्लग उपटला, परत लावला, आलेखावर बोट फिरवत शेवटापर्यंत गेले.

"ब्येस हाय," ते म्हणाले. मालकांनी सुस्कारा सोडला. मी हसणार तेवढ्यात ते माझ्याकडे वळले. "पर मॅडम, एक सांगा. ऐन हंगामात हे बिघडलं आनि तुमी नसला, तर कोण बघणार? बाहेरचं घेतलं तर धा माणसं मिळत्यात. हितं तुमच्याशिवाय कुणाला कळतंय?"

मालकांनी मान खाली घातली. त्यांचा बारा वर्षांचा वाद हाच तर होता. बारा वर्षं मी त्याला अविश्वास म्हणत आले होते. कुणाला कळतंय? कुणालाच कळू दिलं नव्हतं मी. चिप बनायची बंद झाली म्हणून नव्हे, मी असं वागले म्हणून माझं काम बुडणार होतं, आणि ते मला भर माणसांत बसल्या जागी कळत होतं.

मी खुर्चीतून उठले. पलीकडच्या दारात उभ्या असलेल्या त्या गृहस्थांना म्हणाले, "या. तुम्ही सांगा."

ते बसले. माझ्याकडे एकदा बघितलं, मग पडद्याकडे. "साहेब, त्याचं कसं हाय," त्यांनी सुरुवात केली. पानं, बंदी, हाक, खूण, सगळं त्यांच्या भाषेत. एका जागी ते अडखळले. माझ्या तोंडात शब्द आला होता. मी ओठ गच्च मिटले. ते मागे गेले, स्वतःच दुरुस्त केलं आणि पुढे निघाले. इंजिनिअर मान डोलवत होते, मालक खुर्ची ओढून जवळ आले होते.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. माझं डिझाइन मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते, आणि ते सगळं बरोबर होतं.